पाळीचा ट्रॅक्टर

शेडमध्ये त्या सकाळी एक ट्रॅक्टर होता, त्याच्या तोंडावर सुकत आलेल्या झेंडूच्या दोन माळा, पुढच्या चाकाशी नारळाच्या दोन करवंट्या, बॉनेटवर दोन वेगवेगळ्या हातांनी ओढलेली हळदकुंकवाची बोटं, मागे दोन फाळांचा नांगर, भिंतीला टेकवलेले तेलाचे पाच पिवळे रिकामे डबे, खिळ्याला एक किल्ली आणि तीन माणसं. तिघांपैकी दोघे सख्खे भाऊ होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. तिसरा रज्जाक मिस्तरी. मी दारात उभी होते, म्हणून स्वतःला मोजलं नव्हतं.

"रज्जाक," माझे वडील ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत म्हणाले, "त्याला विचार, मागच्या पाळीत यानं काय उचललं होतं. दगड वाहिले का काय?"

"ऐकलंय त्यांनी, आप्पा. दोन हातांवर तर उभे आहेत."

"तू विचार."

रज्जाकनं पाना खाली ठेवला, फडक्यानं हात पुसले आणि उलट्या बाजूला मान वळवली. "आबा, विचारतायत की दगड वाहिले का."

माझे चुलते, म्हणजे आबा, दुसऱ्या चाकाकडे बघत होते. "त्याला म्हणावं, माझ्याकडं आला तेव्हाच कण्हत होता. मला द्यायच्या आधी तुझ्या बाजूला काय केलंस ते आधी सांग."

"आप्पा, ते म्हणतायत…"

"कळलं."

वाटणी होऊन सहा वर्षं झाली होती. भांडण नेमकं कशावरून झालं ते मला कुणी नीट सांगितलं नाही. कधी बांधावरची बाभूळ कानावर यायची, कधी आजीच्या तेराव्याचं जेवण. जमीन वाटली गेली, घराच्या मधून भिंत आली, भांडी वाटली, बैलजोडीतला एकेक बैल गेला. ट्रॅक्टर तेवढा वाटता आला नाही. मग त्याची पाळी ठरली. एक आठवडा आमचा, एक त्यांचा. बुधवारी बाजाराच्या दिवशी ज्याची पाळी संपली त्यानं ट्रॅक्टर शेडमध्ये आणून लावायचा, किल्ली खिळ्याला अडकवायची आणि निघून जायचं. दुसऱ्यानं नंतर येऊन किल्ली घ्यायची. शेड दोन्ही शेतांच्या मधोमध होतं. सहा वर्षांत त्या दोघांनी किल्ली एकमेकांच्या हातात एकदाही दिली नव्हती. खंडेनवमीची पूजासुद्धा दोनदा व्हायची. आधी एक जण करून जायचा, मग दुसरा.

दुखणं असं होतं. सकाळी ट्रॅक्टर सुरू केला की मागच्या लिफ्टच्या भुजा नांगर छान उचलायच्या. तासभर नांगरटी झाली की लिफ्ट मंदावायची, उचक्या द्यायला लागायची, पंप घशातून ओरडायचा. दुपारी तर नांगर अर्ध्यावर येऊन थरथरत राहायचा. वळण घेताना फाळ जमिनीत तसाच घासत जायचा.

"पंप गेला," रज्जाक म्हणाला. "जाळी मी दोनदा धुतली. झडप खोलून पाहिली. मागच्या एक्सलची सीलं गेल्या वर्षी नवीन घातली. आता पंपच राहिला. त्या मॉडेलचा पंप मिळत नाही, मिळाला तर जुना मिळेल."

त्यानं पाना उचलून पिशवीत टाकला.

"रज्जाक, त्याला म्हणावं," आबा म्हणाले, "बुधवारी बाजाराला तालुक्याचा दलाल येतो. विकून टाकू. कटकट मिटेल."

"त्याला म्हणावं, माझी हरकत नाही," आप्पा म्हणाले.

रज्जाकनं कुणालाच काही सांगितलं नाही. त्याची काही गरजही नव्हती.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी आले होते. विषय भौतिकशास्त्र. पुढच्या वर्गाला नंबर लागला नव्हता. आई मी सातवीत असताना गेली. भिंत घालेपर्यंत मोठी आईच, म्हणजे माझी चुलती, माझी वेणी घालायची. आता घरात मी आणि आप्पा. आप्पा दिवसात चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन म्हशीशी. जवळचं घर म्हणजे भिंतीपलीकडचं, आणि तिथं जायचं नाही. पलीकडून भांडी वाजल्याचा आवाज यायचा, फोडणीचा वास यायचा. पण बोलण्याचा आवाज म्हणावा असा एकच होता, तो ट्रॅक्टरचा. आबांच्या पाळीत तो दूर विहिरीकडं चालायचा, दुपारी चिंचेखाली थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. स्वयंपाक करता करता मला कळायचं, आबा आता कुठं आहेत, जेवायला बसले का, त्यांचं वळण चुकलं का. तो विकला गेला की दोन्ही घरांमध्ये सामाईक म्हणून जे काही होतं, ते सगळं संपणार होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, सांगायला कुणी नव्हतंही.

"बुधवारपर्यंत मी पाहू का?" मी दारातून म्हणाले.

तिघांनीही माझ्याकडं पाहिलं.

"तू काय पाहणार?" आप्पा म्हणाले.

"कुठं बिघडतं ते पाहीन. खोलणार काही नाही."

"पाहू द्या ना," रज्जाक म्हणाला. "एवढी पुस्तकं वाचलीत पोरीनं. नाहीतर दलाल आहेच."

आबा सहा वर्षांत माझ्याशीही थेट बोलले नव्हते. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी याच ट्रॅक्टरची पहिली पूजा पाहिली होती. ते चाकाकडं बघतच म्हणाले, "रज्जाक, तिला म्हणावं, जुने कपडे घाल. तेलाचे डाग जात नाहीत."

त्या दिवशी आमची पाळी होती. आप्पांनी नांगरट सुरू केली आणि मी बांधावर घड्याळ घेऊन बसले. वळणावर नांगर खालून वर यायला किती वेळ लागतो ते पाहायचं, एवढंच. पहिल्या फेरीला तीन सेकंद. तासाभरानं सहा. उन्हं तापल्यावर अकरा, आणि मध्ये चार उचक्या.

"काय बघतेस गं एवढं?" आप्पांनी वळणावर ओरडून विचारलं.

"तुम्ही चालवा."

"चालवतोच आहे. तूच थांबवलंस तर थांबेन."

अकरा सेकंदांवर मी त्यांना थांबवलं. वरचा मोठा बोल्ट काढून पळीनं थोडं तेल बाहेर घेतलं. ते तेलासारखं दिसतच नव्हतं. दाट दुधाच्या चहासारखं होतं, वर फेस.

रज्जाक संध्याकाळी सायकलवरून आला, पाहून म्हणाला, "पाणी गेलंय आत. रंगच सांगतो."

मी लोखंडी पळी चुलीवर तापवली आणि तिच्यात त्या तेलाचे थेंब सोडले. पाणी असतं तर तडतडलं असतं. तेल नुसतं पसरलं, धुरावलं आणि गप्प बसलं. पुन्हा एकदा केलं. पुन्हा तेच.

"पाणी नाही," मी म्हणाले.

"मग?"

"माहीत नाही अजून."

उरलेलं तेल मी लोणच्याच्या काचेच्या बरणीत ओतलं, तेलाच्या काठाला बाहेरून कोळशानं रेघ ओढली आणि बरणी देवळीत ठेवून दिली. आप्पा जेवताना एकदोनदा तिकडं बघून घेत होते.

"लोणचं मुरतंय का?" त्यांनी विचारलं.

कितीतरी दिवसांनी ते असं काही बोलले होते. मी हसले, तेही किंचित हसले आणि मग पुन्हा भाकरीकडं वळले.

सकाळी उठून मी आधी बरणी पाहिली. चहा गेला होता. तेल स्वच्छ झालं होतं, मधासारखं, आणि कोळशाच्या रेघेखाली उतरलं होतं. पट्टी लावली. वीस सेंटीमीटर होतं ते सतरा झालं होतं. तीन सेंटीमीटर नुसती हवा होती. पंप तेल उचलत होता ते हवेनं फुगलेलं तेल होतं. हवा दाबली की दबते, तेल दबत नाही. म्हणून उचक्या. आणि रात्रभर उभा राहिला की हवा निघून जायची, म्हणून सकाळी सगळं ठीक.

पंप गेलेला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी ते मोठ्यानं बोलले. ऐकायला म्हैस होती.

"आप्पा, आत हवा जातेय."

आप्पा गोठ्यातून आले. "कुठून?"

इथं मी अडकले. हवा जाण्याचं नेहमीचं कारण एकच असतं. तेल कमी पडलं की पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तो तेलाबरोबर हवा ओढतो. आणि तेल तर कमी पडतच असणार, कारण ते गळत होतं. मागच्या चाकांच्या आतून ओघळ यायचे, शेडची जमीन काळी झाली होती.

"तेल कमी असेल," मी म्हणाले. "गळतं ना."

"मग टाकतो," आप्पा म्हणाले आणि आतून नवा पिवळा डबा घेऊनच आले. झाकण काढायला लागले तशी मी विचारलं, "मागच्या वेळी कधी टाकलं होतं?"

"गेल्या पाळीला. दर पाळीला टाकतो."

"दर पाळीला?"

"द्यायच्या आदल्या दिवशी. लिटरभर. गळतं ना."

मी शेडमधल्या, गेल्या वर्षभरात साठलेल्या पाच रिकाम्या डब्यांचा विचार केला. पाच लिटरचा एक डबा. म्हणजे पंचवीस लिटर ओतलेलं होतं, आणि तरी तेल कमी. गळतं ते किती गळत असेल? शेडच्या जमिनीवर पंचवीस लिटरचा डाग नव्हता.

"थांबा," मी म्हणाले. "आज नका टाकू."

बरणी उन्हात धरून पाहावी म्हणून मी बांधावर गेले. पलीकडच्या अंगणात मोठी आई खाली वाकून काहीतरी लावत होती. पुरुष माणसं आसपास नसली की आम्ही कधीमधी बांधावरून बोलायचो, पण थोडंच. दोघींनाही मग परत घरात जायला जड जायचं.

"काय गं वैजू, बरणीत गुळवणी घेऊन कुठं निघालीस?"

"गुळवणी नाही. ट्रॅक्टरचं तेल आहे."

"अगं बाई, मग झाकण लाव. नाहीतर तुझे आबा पोळीशी खायला मागतील." ती हसली आणि हातातली माती झटकली. "वाळलीस तू. जेवतेस का?"

"जेवते."

"आप्पाला भाकरी जमते का अजून?"

"मीच करते गं."

ती वाकून पुन्हा माती दाबायला लागली. ती सदाफुलीचं रोप लावत होती, मधून कापलेल्या निळ्या डब्यात. मी डब्याकडं पाहिलं. मग त्याच्या मागच्या डब्यांकडं. अंगणाच्या कडेनं सगळी सदाफुली आणि गोकर्ण निळ्या डब्यांमध्ये होती.

"मोठी आई, हे डबे कुठले?"

"तुझ्या आबांचे. तेलाचे. आधी भंगारात जायचे. गेलं वर्षभर मी कापून घेते, चांगले टिकतात."

"ट्रॅक्टरच्या तेलाचे?"

"मग कशाच्या? दर पाळीला ओततात ना. मंगळवारी संध्याकाळी डबा घेऊन निघाले की मला कळतं, उद्या ट्रॅक्टर जायचा."

"किती झाले असतील?"

"मोज की. लहानपणी तू पोळ्यासुद्धा मोजायचीस. चुलीवरच्या वेगळ्या आणि डब्यातल्या वेगळ्या."

मी मोजले. सहा.

मी घरी आले ते पळतच. आप्पांना काही सांगितलं नाही. जुने कपडे घातले, शेडमध्ये गेले आणि ट्रॅक्टरच्या उजव्या कुशीत, लिफ्टच्या खालच्या झाकणापाशी गोणपाट टाकून बसले. या जुन्या मॉडेलला तेल मोजायची पट्टी नव्हती. पण पातळी कुठंतरी कळायलाच हवी, असं मला वाटत होतं. बनवणाऱ्यानं काहीतरी ठेवलंच असणार. खरवडता खरवडता दोन बोटं जाड ग्रीस आणि माती निघाली. तिच्याखाली एक लहान, चौकोनी डोक्याचा बोल्ट होता. वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावलेला नव्हता, त्याच्या कडा अजून धारदार होत्या.

माझ्या हातानं तो हलला नाही. मी तो तसाच ठेवला आणि रज्जाकला निरोप पाठवला, उद्या सकाळी लवकर ये.

बुधवारी दोघेही भाऊ आले होते. आप्पा किल्ली अडकवायला, आबा दलाल येईल म्हणून. दोघं पुन्हा दोन चाकांकडं बघत उभे होते. मी रज्जाकला बोल्ट दाखवला.

"अरे, हा!" तो म्हणाला. "पातळीचा बोल्ट. तुझे आजोबा असताना एकदा काढला होता. हा काढला की तेल भोकाच्या काठापर्यंत असायला पाहिजे. थेंब आला तर बरोबर. आला नाही तर कमी."

"मग आत्तापर्यंत का नाही काढला?"

"कशाला काढायचा पोरी? जमीन भिजतेय, ती दिसतेय ना. कमी असणार हे आंधळ्यालाही कळेल."

"काढ तरी."

रज्जाकनं पाना लावला. बोल्ट सुटला तो थेंबानं नाही. तेलाची करंगळीएवढी धार बाहेर आली आणि रज्जाकच्या विजारीवर पडली.

"या अल्ला! डबा दे, डबा!"

मी पिवळा डबा खाली लावला. धार थांबेना. आप्पा पुढं आले. आबाही दोन पावलं पुढं आले. डबा भरत गेला, मी दुसरा लावला.

"एवढं कसं?" रज्जाक म्हणाला. "याला कमी कोण म्हणेल?"

"कमी नाहीच. जास्त आहे," मी म्हणाले. "ताक करताना डेरा काठोकाठ भरला तर कसं होतं? रवी फिरली की सगळा फेस. आत गिअर असेच तेलात पूर्ण बुडून फिरतात. तासाभरात तेलाचा फेस होतो आणि पंप तो फेस ओढतो. आणि जास्त झालेलं तेल सीलांवर दाब देतं, म्हणून गळतं. जास्त म्हणून गळतं, गळतं म्हणून आपण टाकतो."

"आपण म्हणजे?" आप्पांनी विचारलं.

मी आबांकडं पाहिलं नाही. "पलीकडंही टाकतात. दर पाळीला, द्यायच्या आदल्या दिवशी. निळ्या डब्यातलं."

धारेचा आवाज तेवढा येत राहिला.

"रज्जाक," आप्पा हळू म्हणाले, "त्याला विचार, कधीपासून टाकतो."

रज्जाक खाली बसलेला होता, दोघांच्या मध्ये. त्यानं वर पाहिलं. "मी नाही विचारणार. माझी विजार भिजलीय."

आबांनी फाळावरची माती अंगठ्यानं खरवडली. मग ते रज्जाकला नव्हे, नांगराच्या फाळाला सांगितल्यासारखं म्हणाले, "वाटणी झाल्यापासून. आई वाटी रिकामी परत देऊ द्यायची नाही. आमटी आली की वाटीत लिंबू तरी घालायची, गुळाचा खडा तरी. ट्रॅक्टर कसा रिकामा द्यायचा?"

आप्पांनी बाहेर पाहिलं. मग वाकून त्यांनी भरलेला डबा भिंतीकडं सरकवला.

"मग इतकी वर्षं कसं चाललं?" रज्जाकनं मला विचारलं, बहुतेक कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून.

"आधी सीलं जुनी होती. दोघं टाकायचे तेवढं वाहून जायचं. गेल्या वर्षी तू नवी सीलं बसवलीस. गळणं कमी झालं, टाकणं तेवढंच राहिलं."

"म्हणजे मी दुरुस्त केलं म्हणून बिघडला?"

"तू दुरुस्त केलास म्हणून कळलं."

"हे बरं बोललीस," तो म्हणाला. "हे मी सगळ्या गावाला सांगेन."

धार बारीक झाली, मग थेंब थेंब आली. शेवटचे थेंब काठाशी थांबले तेव्हा रज्जाकनं बोल्ट बसवला.

"आता नांगरून बघायला पाहिजे," मी म्हणाले. "तेल तापेपर्यंत. दुपारपर्यंत."

"पाळी कुणाची?" रज्जाकनं विचारलं.

बाजाराचा दिवस होता. आमची पाळी संपली होती. आप्पांनी खिशातून किल्ली काढली, खिळ्याकडं गेले, आणि नेहमीसारखी खिळ्याला अडकवली. आबांनी ती खिळ्यावरून काढून घेतली. दोघांत दोन हातांचं अंतरही नव्हतं.

आबांनी त्यांच्या चिंचेखालच्या रानात नांगर लावला. मी त्यांच्या बांधावर बसले, सहा वर्षांत पहिल्यांदा, हातात घड्याळ घेऊन. आप्पा आमच्या बांधावर उभे होते. मोठी आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्याजवळ ठेवला आणि माझ्या केसांकडं बघत म्हणाली, "वेणी कशी गं ही? कुणी घातली?"

"मीच."

"दिसतंय," ती म्हणाली आणि मागं बसून सोडवायला लागली.

पहिल्या वळणाला तीन सेकंद. तास झाला, तीन. ऊन चढलं, बॉनेटवरून हवा थरथरायला लागली, मी उठून वळणावर गेले. आबांनी लिव्हर ओढला. नांगर मातीतून निघाला आणि एकही उचकी न देता वर गेला. सव्वातीन. पंप ओरडत नव्हता. इंजिनाचा आवाज तेवढा होता.

दलाल दुपारी मोटारसायकलवरून आला. शेडच्या सावलीत टेकला, चहा प्यायला, आबांना म्हणाला, "कुठाय वस्तू? तुम्ही म्हणत होता, लिफ्ट उचलत नाही."

आबा ट्रॅक्टर शेडपाशी आणून खाली उतरत होते. त्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा तोवर बांध ओलांडून शेडपाशी आले होते.

"उचलतो," आप्पा म्हणाले. "द्यायचा नाही."

"मग मला बोलावलं कशाला राव, उन्हातान्हाचं?"

"चहा प्यायला," रज्जाक म्हणाला. "आणखी घ्या अर्धा कप."

दलाल गेल्यावर आबा दाराशी थांबले. हात तेलानं काळे होते, ते फडक्याला पुसत होते, आणि फडकंही काळंच होतं. आप्पा निघाले होते. दोन पावलं जाऊन ते वळले.

"दादा," ते म्हणाले. "आता टाकत जाऊ नको."

आबांनी मान हलवली. "तूही."

एवढंच. मग आप्पा आमच्या बांधानं गेले, आबा ट्रॅक्टरवर बसून चिंचेकडं. मी थांबून आवाज ऐकत राहिले. तो दूर गेला, वळला, परत आला.

शेडमध्ये बाहेर काढलेलं तेल होतं, एक डबा भरलेला, दुसरा भरत आलेला. ते आणखी एक दिवस स्थिर राहू दिलं, म्हणजे हवा मोजली जाणार नव्हती. दुसऱ्या दिवशी लिटरचं माप घेऊन बसले आणि एकेक माप मोजत मोकळ्या डब्यात ओतलं. शेवटचं माप पूर्ण भरलं नाही, मग पाव लिटरचं माप घेतलं.

सव्वानऊ लिटर. पिवळ्या डब्यातलं आणि निळ्या डब्यातलं, एकत्र.